जिभेवरची खळ

एक्कावन्नाव्या वर्षी माणसाने धंदा काढू नये. काढायचाच असेल तर त्या धंद्यातल्या कुणाला तरी आधी विचारावं. मी विचारलं नाही, कारण मला सगळं येत होतं ना! सव्वीस वर्षं गिरणीच्या सायझिंग खात्यात खळ शिजवलेला माणूस मी, मला कोण काय शिकवणार? ही घमेंड माझ्या अंगात पहिल्यापासून आहे. तिचं फळ मला एकट्याला भोगावं लागलं असतं तर आज हे लिहायलाही बसलो नसतो. भोगलं माझ्या बायकोने.

सायझिंग म्हणजे काय ते सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही. सूत साच्यावर, म्हणजे मागावर, चढवण्याआधी त्याला खळ पाजायची, म्हणजे विणताना ते तटातट तुटत नाही. ही खळ शिजवण्याचं काम माझं. पिठाची खळ नुसतीच वाळली तर पापडासारखी कडक होते आणि मोडते, म्हणून तिच्यात चरबी घालायची. आमच्या खात्यात चरबीची पिंपं भरलेली असत. आमटीत मीठ घालताना कुणी विचार करतं का? तसं आमचं चरबीचं. हात आपोआप पिंपाकडे जायचा.

माझं लग्न झालं आणि तिसऱ्या महिन्यात मी कोकणातून मुंबईला आलो. बायको गावी, आईजवळ. पुढची तेवीस वर्षं मी लालबागच्या एका गाळ्यात राहिलो, वीस-पंचवीस बाप्यांच्यात, एक पेटी आणि एक वळकटी घेऊन. वर्षातून एकदा महिनाभर गावी जायचं. मुलगी झाली, वाढली, तिचं लग्न झालं, आणि तिच्या लेखी मी एक पाहुणाच राहिलो. मग आई गेली. त्याच सुमारास माझ्या मावसभावाची मुंबईबाहेर बदली झाली आणि त्याने त्याची चाळीतली खोली मला वापरायला दिली. मी लगेच जाऊन बायकोला घेऊन आलो. ती तेव्हा चाळिशीच्या पुढे गेलेली होती आणि आम्ही पहिल्यांदा संसार मांडत होतो. चाळीतल्या बायका हसायच्या. हसू देत!

गावच्या घरात बायका सगळ्यात शेवटी जेवायच्या, चुलीपाशी, पाठ करून. इथे पहिल्याच दिवशी मी म्हटलं, ताट घे आणि समोर बस. ती लाजली, मग बसली. तेव्हापासून तीन वर्षं आम्ही रोज समोरासमोर जेवलो. मला मुंबईने दुसरं काही दिलं असेल-नसेल, हे दिलं. आणि हेच जायची वेळ आली.

गिरणीत नवीन यंत्र आलं. सहा जणांचं काम दोघांत व्हायला लागलं आणि उरलेल्या चौघांत मी होतो. वय झालंय म्हणाले. पुढच्याच आठवड्यात मावसभावाचं पत्र आलं. वाईट माणूस नव्हता तो, पण मी भरत होतो ते भाडं आता थांबणार होतं आणि त्याचंही पोट होतं. त्याने लिहिलं होतं, तुमचं काही बस्तान बसलं तर खुशाल राहा, नाहीतर पावसाळ्यानंतर बोट सुरू झाली की वहिनींना गावी पोचवा आणि खोली मोकळी करा. तेव्हा कोकणात जाणारी बोट पावसाळ्यात बंद असायची. म्हणजे मला पहिल्या बोटीपर्यंतची मुदत होती. गावचं घर भावाचं, तिथे माझ्या बायकोला राबायला जागा होती, पण मला तिथे कामधंदा नव्हता. ती तिकडे आणि मी परत गाळ्यात, वळकटीवर. पत्र वाचून दाखवलं तेव्हा ती तांदूळ निवडत होती. निवडता निवडता म्हणाली, "माका गावाक जावचा नाय." तीन वर्षांत तिने माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट.

दिवस कसले होते ते माझ्या वयाच्या माणसांना सांगायला नको. संयुक्त महाराष्ट्राची चळवळ पेटली होती. रोज सभा, मोर्चे, हरताळ. आमच्या चाळीच्या खाली चळवळीची मंडळी पोस्टरं चिकटवायला निघायची आणि त्यांची पोस्टरं सकाळपर्यंत अर्धी खाली लोंबत असायची. एका संध्याकाळी मी त्यांच्या डब्यात बोट घालून बघितलं आणि माझं टाळकंच सरकलं. गार पाण्यात कालवलेला मैदा! वर गुठळ्या तरंगतायत. म्हटलं, "अरे, ही खळ आहे की भज्यांचं पीठ? मुंबई घ्यायला निघालेत आणि एक कागद चिकटवता येत नाही!"

मी वर गेलो, मोठा टोप काढला, बायकोला म्हटलं स्टो पेटव. मैदा आधी थंड पाण्यात कालवला, मग उकळत्या पाण्यात धार धरून सोडला, ती चाटूने ढवळत राहिली. खळ पारदर्शक होऊन चकाकायला लागली तशी परळच्या मटणवाल्याकडून आणलेली चरबी वितळवून तिच्यात सोडली. शेजारीण डोकावून म्हणाली, आज मटण वाटतं? आम्ही दोघं किती हसलो. त्या खळीने चिकटवलेली पोस्टरं पोलिसांना पत्र्याने खरवडून काढावी लागली. एकच भानगड झाली, खालच्या बाजूची पोस्टरं कुत्री चाटायची. मंडळी म्हणायची, आपल्या मागणीला कुत्र्यांचासुद्धा पाठिंबा आहे.

चळवळीच्या कामाचं कुणाकडून काही घ्यायचं नव्हतं, घेतलंही नाही. पण बायको म्हणाली की ही खळ कुणीतरी विकत घेत असेल की. मी विचार केला, गिरगावात छापखाने आहेत, बाइंडर आहेत, पुस्तकं खळीवरच उभी असतात. बस्स, धंदा सापडला. असा मी आयुष्यात कधी हरखलो नव्हतो.

गिरगावच्या गल्ल्यांतून झाकणाच्या दोन बादल्या घेऊन मी पंधरा दिवस हिंडलो. काय काय ऐकून घेतलं! कुणी म्हणे आमची आम्ही शिजवतो. कुणी म्हणे गिरणीवाल्यांना कागदातलं काय कळतं. एकाने तर बादलीकडे बघून विचारलं, भिंतीला रंग द्यायला आलात काय? मी त्याला जे बोललो ते इथे लिहीत नाही. घरी बायको दारातच उभी असायची. माझं तोंड बघून काही विचारायची नाही, बादली हातातून घ्यायची. ते मला जास्त लागायचं. पावसाळा लागला होता आणि एकेक दिवस सरत होता.

शेवटी सगळे एकच सांगायला लागले. वाडीतल्या त्या म्हाताऱ्याला दाखव. त्याने पसंत केली तर आम्ही घेऊ.

म्हातारा सत्तरीचा. जिन्याखालच्या जागेत त्याचं दुकान. वर्षभर लोकांच्या पोथ्या आणि वाचनालयाची पुस्तकं बांधायचा. अंगात बंडी, कपाळावर गंध, बायको वारलेली, मूलबाळ नाही. त्याला सगळे काका म्हणत. मी बादली उघडली. खळीला चरबीचा वास येऊ नये म्हणून मी तिच्यात कापूर घातला होता. स्वतःच्या हुशारीवर खूश होतो मी! काकांनी वाकून वास घेतला आणि म्हणाले, "कापूर? देवघरासारखा वास येतोय रे. देवाधर्माची माणसं दिसता."

मग त्यांनी विचारलं, "मोरचूद घातलास का?"

खळीला कसर लागू नये म्हणून बाइंडर तिच्यात मोरचूद घालतात, ते विष असतं. मी नाही म्हटलं. "छान. घालायचंही नाही. ते मी माझ्या हाताने घालीन," असं म्हणून काकांनी करंगळी खळीत बुडवली आणि जिभेला लावली.

 ते डोळे मिटून जीभ टाळूला लावत होते, खळ आंबली आहे का, पीठ कच्चं राहिलंय का, हे बघत होते. पन्नास वर्षं ते अशीच खळ पारखत आले होते आणि अख्खी गल्ली त्या जिभेवर विसंबून होती. आणि त्या जिभेवर बकऱ्याची चरबी! आयुष्यात ज्या माणसाने अंड्याला हात लावला नसेल त्याच्या जिभेवर. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं. तेवढ्यात काका म्हणाले, "वा! लोण्यासारखी मऊ. इतकी मऊ कशी केलीस?"

मी म्हटलं, "हाताचा गुण, काका."

झालं. या तीन शब्दांत मी सगळं घालवलं. पण त्या क्षणी मला काय दिसत होतं सांगू? मला माझी बायको दिसत होती, समोर ताट घेऊन बसलेली. काकांनी दोन्ही बादल्या ठेवून घेतल्या. श्रावणाच्या आधी पोथ्या बांधून द्यायच्या होत्या, त्यांना रोज खळ हवी होती. दुपारपर्यंत गल्लीतल्या आणखी चार जणांनी मला हाक मारली.

घरी गेलो आणि बातमी सांगितली. तिने देवापुढे साखर ठेवली. मग जेवताना मी, मूर्ख माणूस, मजा म्हणून जिभेचं सांगून बसलो. म्हणजे मजा म्हणून सांगायला लागलो आणि सांगता सांगता मजा उरली नाही. तिचा हात ताटातच थांबला.

"चरबी तेंच्या तोंडात गेली?"

"एवढीशी."

"आनी पोथयेक पण तीच?"

मी भात कालवायला लागलो.

"तेंका सांगलात?"

"सांगितलं तर उद्यापासून गल्ली बंद. मग बोटीत बसशील?"

ती उठली आणि ताट घेऊन मोरीत गेली. माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी मी चरबी घातली नाही. उद्यापासून शुद्ध खळ द्यायची आणि झालं गेलं विसरायचं, असा हिशेब मी मनाशी केला होता. काकांनी करंगळी बुडवली, जिभेला लावली आणि भुवई चढवली. "कालची चव नाही रे." संध्याकाळी गेलो तर त्यांनी एक पुठ्ठा मला वाकवून दाखवला. सांध्यावर खळ तडकली होती. "पहिल्यासारखी कर," म्हणाले, "ती फार छान होती."

मग मी काय काय केलं ते विचारू नका. तिळाचं तेल घातलं, कागदावर डाग पडले. खोबरेल घातलं, तेच. पाणी वाढवलं, कमी केलं, साबुदाण्याची पूड घातली. सव्वीस वर्षांचा कारागीर म्हणवणारा मी, मला चरबीशिवाय मऊ खळ करता येत नव्हती! चार दिवस बादल्या परत आल्या. गल्लीतले बाकीचेही कुरकुरायला लागले. आणि काकांना विचारायचं मला सुचलं नाही. खोटं कशाला बोलू, सुचलं होतं. ज्याला हाताचा गुण म्हणून मिरवलं, त्याला कोणत्या तोंडाने विचारायचं की काका, खळ मऊ कशी करतात?

पाचव्या दिवशी मी परळला गेलो आणि मटणवाल्यासमोर उभा राहिलो. पहिल्यांदा चरबी घातली ती सवयीने. आता घातली ती जाणूनबुजून. बायको त्या दिवशी चाटू धरायला आली नाही. गॅलरीत जाऊन उभी राहिली.

काका खूश झाले. गल्ली खूश झाली. हरताळाच्या दिवशी ट्राम बंद असायच्या तेव्हा मी लालबागपासून गिरगावपर्यंत दोन बादल्या घेऊन चालत गेलो, पण खळ पोचवली. मावसभावाला पत्र टाकलं की बस्तान बसलं आहे. त्याचं उत्तर आलं, मग खुशाल राहा. मी ते पत्र बायकोला तीनदा वाचून दाखवलं. ती हसली, पण वरवर. आता मला रोज सकाळी काकांची करंगळी बघावी लागायची. मी दुसरीकडे बघायचो, पायातली चप्पल बघायचो, पण जीभ टाळूला लागल्याचा बारीकसा आवाज यायचाच. जेवणावरची माझी वासना उडाली. समोरासमोर बसायचो आणि दोघंही खाली मान घालून जेवायचो. ज्याच्यासाठी सगळं केलं ते असं झालं होतं, आणि तरी मी सोडायला तयार नव्हतो. वेळ मारून न्यायची, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

श्रावण लागला. पहिल्या सोमवारी काकांनी बोट बुडवलं नाही. म्हणाले, "आज उपास आहे, पिठाला जीभ लावायची नाही. पण तुझ्या खळीला आता बघायला कशाला हवं?"  मी बादली रिकामी करून निघालो तर त्यांनी हाक मारली. फडक्यात गुंडाळलेली एक पोथी माझ्या हातात ठेवली. त्यांच्या बायकोची होती. ती श्रावणभर वाचायची. पानं सुटी झाली होती, ती काकांनी शिवून, नवा पुठ्ठा घालून, वर लाल कापड लावून बांधली होती.

"तुझ्या बायकोला दे," म्हणाले. "माझ्याकडे आता वाचणारं कुणी नाही. वाचता येत नसेल तर नुसती देवापुढे ठेवून फूल वाहा म्हणावं. आणि बघ, तुझ्याच खळीत बांधली आहे."

ती पोथी मी घरी नेली. का नेली? नाही म्हणायला कारण काय सांगणार होतो? बायकोने हात धुतले, पदर नीट केला, दोन्ही हातांनी पोथी घेतली आणि कपाळाला लावली. मग तशीच थांबली. कापराचा वास आला असणार तिला. तिने पुठ्ठ्यावरून बोट फिरवलं आणि माझ्याकडे बघितलं.

"तुमचीच खळ?"

"हो."

"देवाफुडे कशी ठेवू मी ही?"

मी चिडलो. चूक माझी असली की मी हटकून चिडतो. म्हटलं, "नको ठेवूस! पेटीत टाक! जगात सगळे काय धुतल्या तांदळासारखे आहेत का? मी काय माझ्यासाठी करतोय हे?"  पोथी फडक्यात बांधून तिने खुंटीला अडकवली आणि चुलीकडे वळली.

दुसऱ्या दिवशी मी खळ पोचवून मैदा आणायला गेलो. दुपारी परतलो तर खोलीला कुलूप. तीन वर्षांत ती एकटी नाक्याच्या पुढे गेली नव्हती. शेजारीण म्हणाली, गिरगावची ट्राम कुठून मिळते ते विचारत होती. माझ्या हातातली मैद्याची पिशवी तिथेच खाली राहिली. किल्ली होती माझ्याकडे. कुलूप उघडून मी खुंटीकडे बघितलं. फडकं नव्हतं. मी तिच्या मागे जाऊ शकलो असतो. गेलो नाही. उंबऱ्यावर बसून राहिलो.

दिवेलागणीला ती आली. चप्पल बाहेर काढली, पाय धुतले आणि माझ्यासमोर खाली बसली.

"मी सांगून इलंय."

"काय सांगितलंस?"

"सगळा. पयल्या दिसापास्ना."

मला तिला विचारायचं होतं की अगं, तू काय केलंस, तुला कळतंय का तू स्वतःचं काय केलंस? पण तिच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि तिला सगळं कळत होतं, माझ्यापेक्षा जास्त. मी विचारलं, काका काय म्हणाले?

तिने सांगितलं ते असं. काकांनी सगळं ऐकून घेतलं. मग ते उठले, कोपऱ्यात जाऊन चूळ भरली, पुन्हा भरली, बराच वेळ भरत राहिले. पोथी तिच्याकडून परत घेतली. ती निघाली तेव्हा म्हणाले, ऊन आहे, पाणी पिऊन जा, आणि स्वतःच्या माठातलं पाणी तिला दिलं. आणि मग त्यांनी तिला विचारलं, तुझ्या नवऱ्याने ती चरबी घातली कशासाठी? ती म्हणाली, मऊ होण्यासाठी. काका म्हणाले, अगं, त्याला आम्ही मध घालतो. एका बादलीला चमचाभर मध. गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर सांगितलं असतं.

चमचाभर मध.

मी हसायला लागलो. ते हसणं मलाच सहन होईना. मग मी तिच्यासमोर रडलो, एक्कावन्न वर्षांचा घोडा, गुडघ्यात डोकं घालून. तिने माझ्या पाठीवरून हात फिरवला नाही. तिथेच बसून राहिली मात्र.

सकाळी मी गिरगावात गेलो, रिकाम्या हाताने. काका जिन्याखाली बसले होते आणि पोथ्या उसवत होते. माझ्या खळीत बांधलेल्या जेवढ्या त्यांच्या हाती परत आल्या होत्या, तेवढ्या सगळ्या. ओल्या फडक्याने पुठ्ठा भिजवायचा, सोलायचा, पान न् पान पुसायचं. सत्तर वर्षांचा माणूस. मी खाली बसलो आणि म्हटलं, "काका, मी करतो." त्यांनी मान वर केली नाही. "हात लावू नकोस," एवढंच म्हणाले. माझ्या बादल्या स्वच्छ घासून बाहेर उपड्या ठेवल्या होत्या. मी त्या उचलल्या, तेव्हा मागून आवाज आला, "तुझ्या बायकोला माझा नमस्कार सांग."

त्यांनी गल्लीत कुणाला एक शब्द सांगितला नाही. सांगायची गरजही नव्हती. म्हातारा श्रावणात बांधलेल्या पोथ्या उसवतोय हे सगळे येता-जाता बघत होते आणि माझ्या एकट्याचीच खळ बंद झाली होती. माणसं दूधखुळी नसतात. मी दादरला जाऊन बघितलं, माहीमला जाऊन बघितलं. बाइंडरांचं जग लहान. मी बादली उघडायच्या आधीच लोक हात जोडायचे.

एके दिवशी मध आणून घरी खळ शिजवली. कशासाठी, ते माझं मलाच माहीत नव्हतं. तिने पुन्हा चाटू धरला. गार झाल्यावर मी करंगळी बुडवून जिभेला लावली, मग तिनेही लावली. मऊ झाली होती. कागदावर फासली, वाळवली, वाकवली, तडकली नाही. इतकी चांगली खळ मी गिरणीत सव्वीस वर्षांत केली नव्हती. ती म्हणाली, "बरी झाली." खाली जाऊन ती खळ चळवळीच्या मंडळींना देऊन टाकली. ती पोस्टरं कुत्र्यांनी चाटली नाहीत.

मावसभावाला मी खरं काय ते कळवलं. बोट सुरू झाली. पहिल्याच बोटीचं तिकीट काढलं, एकच. निघायच्या सकाळी आम्ही जेवायला समोरासमोर बसलो. इतक्या दिवसांनी त्या दिवशी आम्ही वर बघून जेवलो. तिने मला दोनदा भात वाढला.

भाऊच्या धक्क्यावर ही गर्दी. गावच्या ओळखीच्या एका कुटुंबासोबत तिला पाठवत होतो. तिची पत्र्याची पेटी, एक बोचकं आणि पाण्याचा तांब्या एवढंच सामान. मी सारखा तेच तेच सांगत होतो, काहीतरी काम बघतो, खोली बघतो, वर्षभरात तुला परत आणतो. ती ऐकत होती. मला ठाऊक होतं आणि तिलाही ठाऊक होतं की या वयात ते होणार नाही. झालंही नाही. मी पुढची सगळी वर्षं गाळ्यात काढली, एका गोदामावर वॉचमन म्हणून, आणि ती शेवटपर्यंत गावीच राहिली.

भोंगा झाला तशी ती उठली. पेटी हमालाने उचलली होती. ती बोटीवर चढायच्या फळीपर्यंत गेली, मागे वळली आणि परत माझ्याजवळ आली. लोक ढकलत होते. तिने आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत माझा हात धरला.

"तुमी भियालात," ती म्हणाली, "मी जातलंय म्हणान तुमी बोलूक नाय. बगा आता. जातंच आसंय ना मी?"

तिने हात सोडला आणि फळीवरून वर गेली.